पॉलियुक्टसची कथा नाटकात आणि ऑपेरात: नवख्यांनी कुठून सुरुवात करावी?

ऑपेराची थोडी गोडी लागली की कधी ना कधी मारिया कॅलास या गायिकेच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत 'पोलिउतो' या ऑपेराचं नाव दिसतं. कुतूहलाने शोधायला जावं, तर त्याच कथेवरचं सतराव्या शतकातलं फ्रेंच नाटक सापडतं. मग 'पोलिउतो'च्याच संगीतकाराचा, बराचसा त्याच चालींचा, पण वेगळ्या भाषेतला आणि वेगळ्या नावाचा दुसरा ऑपेरा. मग दुसऱ्याच संगीतकाराचा तिसरा. या सगळ्यांच्या मुळाशी आहे तिसऱ्या शतकातला एक रोमन सैन्याधिकारी, संत पॉलियुक्टस. नवख्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. एकाची संहिता हातात आणि दुसऱ्याचं संगीत कानात, असं होऊन बसतं.

मी हे सगळं वेडंवाकडं, सापडेल त्या क्रमाने वाचलं आणि ऐकलं. तुम्हाला तसं करायची गरज नाही. खाली दिलेला क्रम धरला तर तीन-चार निवांत रविवारांत पूर्ण चित्र उभं राहतं. फ्रेंच किंवा इटालियन येत नसलं तरी चालतं.

सुरुवातीलाच एक सूचना. हुतात्म्याकडे जरा कमी आणि त्याच्या बायकोकडे जास्त लक्ष द्या. ज्याने मरायचं ठरवलंय आणि ज्याला मरणाचा आनंदच आहे, अशा माणसाचं नाटक होणं कठीण. नाटक होतं ते मागे राहणाऱ्या पॉलिनाचं. प्रत्येक कृतीत तिचं काय केलंय हे बघत गेलात, तर पाचही गोष्टी एकमेकींपासून लख्ख वेगळ्या दिसतात.

हाताशी काय हवं

- सतराव्या शतकातला फ्रेंच नाटककार कोर्नेय याच्या 'पोल्यक्त' नाटकाची संहिता. फ्रेंच मूळ विकिस्रोतवर आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' या संकेतस्थळावर मोफत आहे. जुनं इंग्रजी भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मिळतं.
- इटालियन संगीतकार दोनिझेत्तीच्या 'पोलिउतो'ची संहिता, म्हणजे लिब्रेत्तो. इटालियन आणि इंग्रजी शेजारी-शेजारी छापलेली मिळाली तर सर्वांत बरं.
- बरे हेडफोन. मोबाइलच्या स्पीकरवर कोरस म्हणजे नुसता गोंगाट वाटतो.
- स्वरलिपी वाचता येत असेल तर 'इम्स्लप' या संकेतस्थळावरून ऑपेराची पियानोसाठी केलेली जुनी प्रत. येत नसेल तर हा मुद्दा सोडून द्या.
- एक वही. पात्रांची नावं फ्रेंच आणि इटालियनमध्ये वेगळी आहेत. पोल्यक्त, पोलिउतो, पॉलिन, पाओलिना, सेव्हेर, सेव्हेरो, फेलिक्स, फेलिचे. पहिल्याच पानावर तक्ता करून ठेवा. या लेखात मी सोयीसाठी बहुतेक ठिकाणी 'पॉलिना' लिहिलं आहे.

१. आधी संतकथा वाचा, पण तिच्यात फार वेळ घालवू नका

मूळ कथा छोटी आहे. पूर्व सीमेवरचं मेलितेने शहर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं मालात्या. पॉलियुक्टस हा तिथल्या रोमन सैन्यातला अधिकारी. त्याचा मित्र नेआर्कस ख्रिस्ती, पॉलियुक्टस नाही. ख्रिस्ती लोकांविरुद्धचा बादशाही हुकूम येतो. पॉलियुक्टस तो हुकूमनामा फाडतो, मिरवणुकीने चाललेल्या मूर्ती हिसकावून फोडतो. सासरा फेलिक्स त्याला शिक्षा देतो, बायको पॉलिना रडत विनवते, तो ऐकत नाही आणि त्याचा शिरच्छेद होतो. त्याचा पाण्याने बाप्तिस्मा झालेलाच नव्हता, स्वतःच्या रक्तानेच झाला, असं परंपरा सांगते.

परंपरेत हे साल २५९, म्हणजे बादशहा व्हॅलेरियनचा काळ, असं मानतात. नाटकात मात्र बादशहा डेशियस आहे आणि त्याची कारकीर्द २४९ ते २५१. दोन्ही ठिकाणी वेगळी सालं दिसली तर गोंधळू नका. त्याचा सण पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ९ जानेवारीला आणि कॅथलिक परंपरेत १३ फेब्रुवारीला असतो.

२. मग कोर्नेयचं नाटक. इथे घाई करू नका

प्येर कोर्नेयचं 'पोल्यक्त' १६४३ मध्ये छापलं गेलं. पाच अंक, सुमारे १,८०० ओळी, जवळपास सगळ्या बारा अक्षरांच्या यमकबद्ध छंदात. घटना एका दिवसातल्या आणि एकाच राजवाड्यातल्या.

पहिलं पान उघडायच्या आधी कोर्नेयने स्वतः लिहिलेला संक्षेप वाचा. संतकथेतलं मूळ किती आणि आपण घातलेलं किती, हे त्याने तिथे प्रामाणिकपणे सांगून टाकलं आहे. पॉलिनाचं स्वप्न, सेव्हेरचं प्रेम, पोल्यक्तचा प्रत्यक्ष बाप्तिस्मा, फेलिक्सचं आर्मेनियाचं राज्यपालपद, नेआर्कचा मृत्यू आणि शेवटी पॉलिना व फेलिक्स यांचं धर्मांतर, हे सगळं त्याच्या कल्पनेतून आलेलं. म्हणजे आपल्याला ज्यात रस वाटतो ते जवळपास सगळंच.

यातली सर्वांत मोठी भर म्हणजे सेव्हेर. पॉलिनाचं लग्नाआधी रोममध्ये त्याच्यावर प्रेम होतं. तो गरीब होता म्हणून बापाने नकार दिला. पुढे तो युद्धात मेला अशी बातमी आली आणि बापाच्या इच्छेने तिने पोल्यक्तशी लग्न केलं. नाटक सुरू होतं तेव्हा लग्नाला जेमतेम पंधरवडा झालाय. आणि सेव्हेर जिवंत परत येतो, तोही बादशहाचा खास माणूस बनून.

पूर्ण नाटक एका बैठकीत झेपत नसेल तर पुढचे प्रवेश या क्रमाने वाचा:

पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश. पॉलिना आपलं अशुभ स्वप्न सांगते. पूर्वकथा सगळी इथेच कळते.

दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. सेव्हेर आणि पॉलिना समोरासमोर. ती प्रेम नाकारत नाही. प्रेम आहे हे कबूल करून त्याला पुन्हा भेटू नकोस म्हणते. फ्रेंच रंगभूमीवरचा इतका संयत आणि इतका जळता प्रवेश मी दुसरा वाचलेला नाही.

दुसऱ्या अंकाचा सहावा प्रवेश. नुकताच बाप्तिस्मा घेतलेला पोल्यक्त देवळात जाऊन मूर्ती फोडू म्हणतो आणि ज्याने त्याला धर्माकडे आणलं तो नेआर्कच कचरतो. नवशिक्याचा आवेश जुन्याला मागे टाकतो.

चौथ्या अंकाचा दुसरा, तिसरा आणि चौथा प्रवेश सलग वाचा. दुसऱ्यात तुरुंगातल्या पोल्यक्तचं कडव्यांमधलं स्वगत आहे. इथे छंद बदलतो, ओळी लहान-मोठ्या होतात आणि फ्रेंच न कळताही ते कानाला जाणवतं. हे स्वगत लक्षात ठेवा, पाचव्या टप्प्यात ते पुन्हा भेटणार आहे. तिसऱ्यात नवरा-बायकोचं भांडण, शेवटाला एकेक ओळीची चकमक. चौथ्यात तो पॉलिनाला सेव्हेरच्या हाती सोपवू पाहतो. संत म्हणून हे कितीही उदात्त असलं तरी नवरा म्हणून भयंकर आहे, आणि कोर्नेयला ते पुरतं ठाऊक आहे.

पाचव्या अंकाचा पाचवा प्रवेश. नवऱ्याचं रक्त अंगावर उडालेली पॉलिना आत येते आणि आपण ख्रिस्ती झाल्याचं बापाला सांगते. एकोणिसाव्या शतकात राशेल या नटीची पॉलिना गाजली ती मुख्यतः याच प्रवेशासाठी.

एक सापळा: मूर्तिभंजनाचा प्रवेश शोधत बसू नका. तो रंगमंचावर घडतच नाही. तिसऱ्या अंकात पॉलिनाची सखी धावत येऊन तो सांगते. त्या काळच्या फ्रेंच शोकांतिकेत मारामारी आणि रक्तपात पडद्यामागेच ठेवायची रीत होती.

नाटक सुरुवातीला आवडलं नव्हतं, हेही माहीत असू द्या. पॅरिसच्या ऑतेल द रांबुइये या प्रसिद्ध साहित्यिक बैठकीत कोर्नेयने ते वाचून दाखवलं. समोर सगळ्यांनी गोड बोलून घेतलं आणि नंतर व्वात्यूर या कवीला त्याच्याकडे पाठवून निरोप दिला की यातला ख्रिस्ती धर्म काही रुचला नाही. रंगमंचावर धर्म नको, हे म्हणणं धर्म मानणाऱ्यांचंच होतं. पुढे नेपल्समध्ये नेमकं हेच दोनिझेत्तीच्या आड आलं.

३. आता 'पोलिउतो'. पहिल्यांदा फक्त चार तुकडे

गाएतानो दोनिझेत्तीने हा तीन अंकी ऑपेरा १८३८ मध्ये नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहासाठी लिहिला. संहिता साल्वादोरे काम्मारानोची. काम्मारानोने कोर्नेयचा सांगाडा घेतला आणि त्यात इटालियन प्रेक्षकाला हवा तो दारूगोळा भरला: नवऱ्याचा मत्सर. कोर्नेयचा पोल्यक्त बायकोवर क्षणभरही संशय घेत नाही. पोलिउतो मात्र जळतो आणि कालिस्तेने नावाचा कपटी मुख्य पुजारी त्या आगीत तेल ओततो. काहींना हे हलकं वाटतं. मला वाटतं की गाण्यासाठी ते गरजेचं होतं, कारण मत्सर गाता येतो, विरक्ती गाणं फार अवघड.

ऐकण्याआधी रचनेची एक गोष्ट समजून घ्या. त्या काळच्या इटालियन ऑपेरात मोठं गाणं बहुधा दोन भागांत असतं. आधी संथ भाग, मधे काहीतरी बातमी किंवा निर्णय, मग वेगवान भाग. आपल्याकडे विलंबित ख्यालानंतर द्रुत बंदिश येते, तसंच. फरक इतकाच की इथे वेग वाढायला कथेतलं कारण लागतं. ते कारण कुठे येतं ते पकडलंत की अर्धा ऑपेरा तुमच्या हातात आला.

पहिला तुकडा: पहिल्या अंकात पाओलिनाचं गाणं. ती नवऱ्याच्या मागावर येऊन ख्रिस्ती लोकांची प्रार्थना चोरून ऐकते आणि हेलावते, हा संथ भाग. मग सेव्हेरो जिवंत असल्याची बातमी येते आणि द्रुत भाग सुरू होतो. श्रद्धेकडे पहिलं पाऊल आणि जुनं प्रेम, दोन्ही एकाच गाण्यात.

दुसरा तुकडा: सेव्हेरोचं आगमन. मिरवणुकीचं कूच, मग बॅरिटोन आवाजातलं गाणं. इथे आवाजाची जात ओळखायला शिका: नवरा टेनर (पुरुषाचा उंच आवाज), जुना प्रियकर बॅरिटोन (मधला), पुजारी बास (सर्वांत खालचा).

तिसरा: दुसऱ्या अंकाचा शेवट, ज्युपिटरचं देऊळ. नव्याने बाप्तिस्मा घेतलेला कोण, हे नेआर्कोने सांगावं म्हणून त्याच्यावर दडपण येतं आणि पोलिउतो स्वतःच पुढे होऊन सांगतो. सगळे थिजतात आणि प्रत्येक जण आपापली भावना एकाच वेळी गाऊ लागतो. पहिल्यांदा ऐकताना संहिता हातात धरू नका, कोण काय म्हणतंय ते कळणारच नाही. एकदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा वाचत ऐका.

चौथा: तिसऱ्या अंकातलं तुरुंगातलं द्वंद्वगीत. ती त्याला वाचवायला येते आणि त्याच्याबरोबर मरायचं ठरवून बाहेर पडते. कोर्नेयने ज्याला अख्खा अंक दिला ते दोनिझेत्ती काही मिनिटांत करतो, आणि शंका घ्यायला सवडच देत नाही.

*कोणतं ध्वनिमुद्रण?* बहुतेक जण कॅलासचं सांगतील: ७ डिसेंबर १९६०, मिलानचं ला स्काला, सोबत टेनर फ्रांको कोरेल्ली आणि बॅरिटोन एत्तोरे बास्तियानिनी. अनुभव म्हणून ते ऐकायलाच हवं. पण सुरुवात त्याने करू नका. प्रत्यक्ष प्रयोगातलं जुनं मुद्रण आहे, आवाज दबलेला आहे, टाळ्या मधेच येतात आणि संगीताचे काही भाग गाळलेले आहेत. संहिता उघडून बसलात तर ओळी अचानक गायब होतील. इंग्लंडच्या ग्लाइंडबर्न महोत्सवातल्या २०१५ च्या प्रयोगाची चित्रफीत उपशीर्षकांसह मिळते. नवख्याला ती सोपी जाते. प्रयोग आधुनिक काळात बेतलेला आहे, रोमन झगे आणि खांब दिसणार नाहीत.

४. बंदीची गोष्ट समजून घ्या, मग 'ले मार्तीर' ऐका

ही पायरी गाळलीत तर दोन ऑपेरांचं नातं कळणार नाही.

'पोलिउतो'ची प्रमुख भूमिका अदोल्फ नूरीसाठी लिहिलेली होती. नूरी हा वर्षानुवर्षं पॅरिस ऑपेराचा पहिला टेनर. १८३७ मध्ये झिल्बेर द्युप्रे हा प्रतिस्पर्धी आला, छातीतून जोरकस तार सप्तक लावणारा, आणि नूरीने पॅरिस सोडलं. दोनिझेत्तीकडून इटालियन गायकी शिकून नव्याने उभं राहायचं, या आशेने तो नेपल्सला आला. हा विषय सुचवणाराही तोच. ऑपेरा तयार झाला आणि राजा दुसरा फेर्दिनांद याने ऐन वेळी तो अडवला: रक्तसाक्षींची जागा चर्चमध्ये, रंगमंचावर नाही. मार्च १८३९ मध्ये नूरीने नेपल्समध्ये उंचावरून उडी टाकून आयुष्य संपवलं.

दोनिझेत्ती संगीत घेऊन पॅरिसला गेला. यूजेन स्क्रीबने नवी फ्रेंच संहिता लिहिली, तीनचे चार अंक झाले, पॅरिसच्या रिवाजाप्रमाणे नृत्य आलं, आणि 'ले मार्तीर' या नावाने तो ऑपेरा १० एप्रिल १८४० रोजी रंगला. नायकाची भूमिका द्युप्रेने केली.

मूळ इटालियन 'पोलिउतो' नेपल्समध्ये रंगला तो ३० नोव्हेंबर १८४८ रोजी. दोनिझेत्ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला होता.

म्हणून इथे सर्वांत मोठा सापळा आहे: आधी रंगलेला ऑपेरा नंतर लिहिलेला आहे आणि आधी लिहिलेला नंतर रंगला. शिवाय फ्रेंच ऑपेराचं पुन्हा इटालियन भाषांतर झालं, ते 'इ मार्तीरी' नावाने गाजलं. इटालियन शब्द ऐकू आले म्हणजे तो 'पोलिउतो'च असेल, असं धरून चालू नका. अंक मोजा.

'ले मार्तीर'मध्ये मत्सर जवळपास निघून जातो आणि कथा कोर्नेयच्या जवळ सरकते. सर मार्क एल्डर यांच्या संचालनाखालचं, टेनर मायकेल स्पायर्सने गायलेलं मुद्रण २०१५ मध्ये आलं. पूर्ण रूपात ऐकायचं तर तेच घ्या. सगळं मिळून तीन तासांच्या आसपास आहे. एका दिवशी दोनच अंक ऐका. नृत्याचा भाग उडवलात तरी कुणी रागावणार नाही.

५. गुनो: एक गाणं पुरे

'फाउस्ट' या ऑपेरासाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच संगीतकार शार्ल गुनोने याच कथेवर पाच अंकी 'पोल्यक्त' लिहिला. तो ७ ऑक्टोबर १८७८ रोजी पॅरिसच्या पाले गार्निए या ऑपेरागृहात आला. तीसही प्रयोग झाले नाहीत. खरं सांगायचं तर ऑपेरापेक्षा त्याच्या हस्तलिखिताची कथा जास्त रंगतदार आहे. गुनो लंडनमध्ये जॉर्जिना वेल्डन नावाच्या गायिकेच्या घरी काही वर्षं राहिला. १८७४ मध्ये तो फ्रान्सला परतला तेव्हा तिने स्वरलेखन अडकवून ठेवलं. त्याने आठवणीतून अख्खा ऑपेरा पुन्हा लिहून काढला, आणि मग तिने मूळ प्रत परत केली, पानोपानी स्वतःचं नाव खरडून.

यातलं टेनरचं 'सूर्स देलिस्यूझ' हे गाणं मात्र शोधून ऐका. दुसऱ्या टप्प्यात लक्षात ठेवायला सांगितलेलं तुरुंगातलं स्वगत ते हेच. गुनोच्या संहिताकारांनी कोर्नेयचेच शब्द घेतले आहेत. नाटकाचं पान समोर उघडं ठेवून ऐकलंत तर सतराव्या शतकातला छंद गाण्यात कसा बसवला ते दिसतं.

६. पॉल द्युकाचं पूर्वसंगीत

द्युका या फ्रेंच संगीतकाराने १८९१ मध्ये, वयाच्या पंचविशीत, कोर्नेयच्या नाटकासाठी पूर्वसंगीत लिहिलं. पंधरा मिनिटं, नुसता वाद्यवृंद, शब्द नाहीत. जर्मन संगीतकार वाग्नरची छाप स्पष्ट ऐकू येते. कथा माहीत नसताना ऐकलंत तर गंभीर, थोडं जड वाटेल. म्हणूनच शेवटी ठेवलं आहे.

७. शेवट कुणाचा कोणता, हे पक्कं करा

वहीत एवढं लिहून ठेवा. संतकथेत पॉलिना विनवणी करते आणि कथेतून निघून जाते. कोर्नेयकडे ती जगते, ख्रिस्ती होते, तिचा बापही ख्रिस्ती होतो आणि सेव्हेर छळ थांबवण्याचा शब्द देतो. तिन्ही ऑपेरांत ती नवऱ्याबरोबर मरते. माझा कौल कोर्नेयला. मरणं हा ऑपेराला सोपा मार्ग आहे. जगलेल्या पॉलिनाला पुढचं सगळं आयुष्य काढायचं आहे.

८. प्रवासाला जाणार असाल तर

इस्तंबूलमध्ये साराचहाने भागात संत पॉलियुक्टसच्या चर्चचे अवशेष आहेत. अनिशिया जुलियाना या राजघराण्यातल्या स्त्रीने ते ५२४ ते ५२७ च्या सुमारास बांधलं आणि आपली स्तुती करणारं ७६ ओळींचं ग्रीक काव्य भिंतींवर कोरून घेतलं. चर्च काळाच्या ओघात पडलं, विसरलं गेलं. १९६० मध्ये बांधकामाच्या खोदाईत त्या काव्यातल्या ओळी कोरलेले दगड निघाले आणि त्यावरूनच ओळख पटली. १२०४ मध्ये क्रुसेडच्या सैन्याने शहर लुटलं, त्यानंतर इथले कोरीव खांब व्हेनिसला गेले. तिथल्या सान मार्को चर्चच्या दक्षिण बाजूला ते आजही उभे आहेत. पाहायला तिकीट लागत नाही.

९. मराठीत अभिवाचन करायचं असेल तर

प्रायोगिक गटांसाठी हे नाटक सोयीचं आहे: एक जागा, मोजकी पात्रं, नेपथ्य शून्य. पण आधी दोन गोष्टी तपासा. कोर्नेयवर कुणाचाही हक्क उरलेला नाही. मात्र तुम्ही ज्या इंग्रजी भाषांतरावरून मराठी करणार, त्याच्या भाषांतरकाराच्या मृत्यूला ६० वर्षं झालेली नसतील तर भारतात परवानगी लागते. भाषांतरकाराला वारून ६० वर्षं उलटलेलं जुनं भाषांतर वापरलंत तर प्रश्न मिटतो, पण भाषा पल्लेदार आणि जुनाट असते. मुंबई-पुण्यात आलियाँस फ्रांसेजमध्ये फ्रेंच शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर मूळ ओळी त्यांच्याकडून तपासून घ्या.

दुसरं, महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मूर्तिभंजनाचा प्रसंग आहे, म्हणून तारीख जाहीर करण्याच्या पुष्कळ आधी संहिता सादर करा आणि सोबत हे स्पष्ट करा की तो प्रसंग फक्त कथन म्हणून येतो, मंचावर घडत नाही. सुरुवातीला चौथा अंक तेवढा घ्या. चार वाचक पुरतात, आणि पॉलिनासाठी गटातली सर्वांत तयारीची अभिनेत्री निवडा.